घरच्या घरी स्पोर्ट्स कार: पुण्यातल्या हौशी बांधणाऱ्यासाठी कामाचे आणि मनाचे टप्पे

घरी गाडी बांधायला घेतली की वेल्डिंग कसं करायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, उभी राहिल्यावर जो कैफ चढतो त्यात कोणतं काम हाती घ्यायचं नाही, किंवा इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की हात कशासाठी शिवशिवतात, हे सहसा कोणी सांगत नाही. हौशी बांधणीत गाडी बिघडते ती बहुतेक वेळा अशाच एखाद्या आनंदाच्या किंवा कंटाळ्याच्या भरात, असं माझं ठाम मत आहे. म्हणून इथे काम आणि मन दोन्ही एकत्र घेतोय.

उदाहरणासाठी लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या, दोन सीटच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीची गाडी धरली आहे. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमननं १९५७ साली ती आणली ती घरी जोडता यावी अशीच. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदीकर लागायचा, सुट्या भागांच्या संचावर लागायचा नाही. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत गेली. त्याच सुमारास सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि ही गाडी आजही बनते. कोब्रा किंवा जीटी४० यांसारख्या नावाजलेल्या स्पोर्ट्स कार दिसायला कितीही मोहक असल्या तरी त्यांचं अंग सगळीकडून गोलाईचं असतं. सेव्हनच्या बाजू सपाट पत्र्याच्या असतात, वळणं फक्त नाकाला आणि मडगार्डना. पहिली गाडी बांधणाऱ्यानं दुसरीकडे बघू नये.

आधी कायदा

एक गोष्ट पहिल्याच दिवशी मान्य करून टाका: ही गाडी तुम्ही कर्वे रस्त्यावर चालवणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. नोंदणी व्हायची तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२६ खाली नमुना वाहनाची अधिकृत संस्थेकडून चाचणी व्हावी लागते. अशा दोन संस्था आपल्या पुण्यातच आहेत, वेताळ टेकडीवरची एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी. पण ही सगळी व्यवस्था उत्पादकांसाठी आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देतात, तसा सोपा मार्ग हौशी माणसाला इथे नाही.

‘जुन्या गाडीच्या आरसीवर चालवू की’ हा सल्ला गॅरेजात हमखास मिळतो. तो ऐकू नका. उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी न जुळणारे बदल कलम ५२ ला मान्य नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं आहे. चासी नंबर कापून दुसरीकडे जोडण्याचा तर विचारही नको.

म्हणजे गाडी बांधायची ती खासगी जागेसाठी आणि कोइमतूरच्या करी किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईसारख्या ट्रॅकसाठी. हे ऐकून काहींचा उत्साह मावळतो. तो आत्ताच मावळला तर बरं, कारण दोन वर्षांनी मावळला तर अंगणात सांगाडा पडून राहतो. ज्याला बांधण्याचीच ओढ आहे त्याचा उत्साह यानं कमी होत नाही.

दाता गाडी

इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल, स्टिअरिंग आणि ब्रेक ज्या गाडीतून काढायचे ती दाता गाडी. सेव्हनला इंजिन लांबीच्या दिशेनं बसवलेलं आणि ताकद मागच्या चाकांना देणारी गाडी लागते. आपल्याकडे मिळणाऱ्यांत मारुती ईको सगळ्यात सोयीची. २०२२ पर्यंतच्या ईकोत १,१९६ सीसीचं जी१२बी इंजिन, ७३ पीएस (अश्वशक्ती) ताकद, मागे सलग एक्सल, आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साधारण १,२८० मिमी, म्हणजे सेव्हनच्या अरुंद अंगाला चालेल असं. ७३ पीएस ऐकायला कमी वाटतात, पण तयार गाडी साडेपाचशे किलोच्या आसपास ठेवलीत तर त्यातून मिळणारी चपळाई पुरून उरते. जिप्सीचं १.३ इंजिनही उत्तम, पण चांगली जिप्सी कापायला मन होत नाही आणि वाईट जिप्सी घेण्यात अर्थ नाही.

दाता गाडी चालू स्थितीतली, अखंड घ्या. इंजिन एकीकडून, ईसीयू (इंजिनचा संगणक) दुसरीकडून आणि वायरिंग जुन्या बाजारातून असा संसार जुळवू नका. इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत किल्ली, ईसीयू आणि इमोबिलायझरचा डबा एकमेकांना ओळखतात, यातलं एक बदललं की इंजिन सुरू होत नाही. आरसीची प्रत, विक्रीची पावती आणि कलम ५५ खाली नोंदणी रद्द केल्याचा कागद फाईलला लावून ठेवा. इंजिन नंबरवरून उद्या कोणी विचारलं तर दाखवायला हाच पुरावा.

गाडी सोडवताना प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधा आणि प्रत्येक नटबोल्ट पिशवीत घालून पिशवीवर नाव लिहा. सोडवण्याचे दिवस फार आनंदाचे असतात, काम भराभर पुढे सरकताना दिसतं. त्या वेगात चिठ्ठ्या राहून जातात आणि त्याची किंमत वायरिंगच्या वेळी मोजावी लागते.

जागा आणि हंगाम

गाडी सव्वातीन मीटरच्या आसपास लांब आणि जेमतेम दीड-पावणेदोन मीटर रुंद. चारही बाजूंनी माणूस वाकून काम करू शकेल एवढी मोकळी जागा धरा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे होत नाही. बंगल्याचं पोर्च नसेल तर नऱ्हे, धायरी, भोसरीकडे एखाद्या फॅब्रिकेटरच्या शेडचा कोपरा भाड्यानं मिळतो का बघा. तिथे थ्री फेज वीज असते आणि अडलं तर शेजारी जाणता माणूस असतो. घरीच करणार असाल तर वेल्डिंग मशीनसाठी वेगळी लाईन आणि एमसीबी टाकून घ्या. शेजारच्या काका-काकूंशी आधीच बोला आणि दुपारी एक ते चार ग्राइंडर बंद ठेवा. त्यांची साथ दोन वर्षं लागणार आहे.

पुण्याचा पाऊस या कामाचं वेळापत्रक ठरवतो. जून ते सप्टेंबर उघड्या लोखंडावर एका रात्रीत तांबूस थर चढतो, रंग नीट बसत नाही आणि फायबरचं रेझिन दमट हवेत रुसतं. त्यामुळे पाइप कापणं आणि चासी जोडणं नोव्हेंबर ते मे या काळात. पावसात छताखाली इंजिनची उघडझाक, वायरिंग, सीटचं काम. फायबर आणि रंग थंडीत, पण भर दुपारी, कारण रात्रीच्या गारठ्यात रेझिन नीट पिकत नाही आणि एप्रिल-मेच्या उन्हात ते ब्रश फिरवायच्या आत घट्ट होतं.

चासी

पाइप विकत घेण्याआधी प्लायवूडची खोटी केबिन ठोका आणि तिच्यात बसा. सेव्हनची केबिन अतिशय अरुंद असते. पॅडलवर पाय तिरका न होता पोचतो का, स्टिअरिंग मांडीला घासतं का, गिअरचा हात कोपरापासून मोकळा फिरतो का, हे सगळं या वेळी बदलता येतं. मूळ आराखड्यात पाच-सात सेंटीमीटर वाढवायला लाजू नका.

मग टेबल. १९ मिमी प्लाय मजबूत पायांवर बसवून पाणसळीनं दोन्ही दिशांना सपाट करा, आणि गाडीची मध्यरेषा त्यावर कोरून घ्या, पेन्सिलची रेघ पुसते. चासीतली प्रत्येक मोजणी याच रेषेपासून करायची. टेबलावर चार दिवस जास्त गेले तर जाऊ द्या, तिथला दोन मिलिमीटरचा फरक पुढे चाकापर्यंत जातो.

पाइप २५ बाय २५ मिमी चौकोनी, १.६ मिमी जाडीचा, ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून शिवण वेल्ड केलेला). सहा मीटरच्या लांबीत मिळतो. आतून गंजलेला घेऊ नका, टोकातून टॉर्च मारून बघा. साध्या काडीच्या वेल्डिंगनं या जाडीला भोकं पडतात, म्हणून सीओटू किंवा आर्गन वायूचं वेल्डिंग. तुम्हाला वेल्डिंग येत नसेल तर कापणं, घासणं, जुळवणं स्वतः करा आणि पूर्ण टाके भरायला जाणकार कारागीर बोलवा. यात कमीपणा काहीच नाही. ज्या सांध्यावर आपला जीव असणार तो चांगल्याच हातानं भरलेला असावा.

क्रम असा: तळाची चौकट मांडा, गुण्या लावा, दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे असतील तरच काटकोन खरा. मग फक्त लहान टाके मारा. उभे पाइप लावताना ओळंबा धरा, पुन्हा टाके. सगळा सांगाडा टाक्यांवर उभा राहिला की पुन्हा सगळे कर्ण मोजा. त्यानंतरच पूर्ण वेल्डिंग, तेही एका कोपऱ्यात सलग नाही. एक सांधा डावीकडे पुढे, दुसरा उजवीकडे मागे, अशी उष्णता वाटत जायची, नाहीतर चासी पिळली जाते.

तिरके पाइप का असतात ते समजून घ्या, म्हणजे ‘हा मध्ये येतोय, काढून टाकू’ असं होणार नाही. चार पट्ट्यांची चौकट सैल पलंगासारखी झुलते, तिरकी पट्टी मारली की दोन त्रिकोण होतात आणि झुलणं थांबतं. सेव्हनच्या चासीचं सगळं बळ या त्रिकोणांत आहे. रोल बारला, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीला, मात्र हा चौकोनी पाइप चालत नाही. त्याला कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंड ओढलेला बिनशिवणीचा, गोल पाइप लागतो. मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या, एफआयएच्या, नियमात मुख्य बारसाठी ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी आणि २ मिमी असे आकडे आहेत. तो वाकवणारा मँड्रेल बेंडिंग, म्हणजे पाइपच्या आत आधार घालून वाकवण्याचं काम, करणारा असावा. वाळू भरून, तापवून वाकवलेला बार घेऊ नका.

चासी टेबलावरून उतरवून दोघांनी उचलली की जो आनंद होतो त्याला तोड नाही. एवढा मोठा सांगाडा आणि दोन माणसांच्या हातात मावतो! इथेच पहिला धोका आहे. फोटो काढावासा वाटतो, आणि फोटो चांगला यावा म्हणून चासी पावडर कोटिंगला टाकावीशी वाटते. टाकू नका. अजून इंजिनाचे ब्रॅकेट, टाकीचे पट्टे, सीटबेल्टचे बोल्ट, ब्रेक पाइपच्या क्लिपा, हँडब्रेकचा आधार, काहीही जोडलेलं नसतं. प्रत्येक वेळी कोटिंग खरवडून वेल्डिंग करावं लागेल. रेड ऑक्साइडचा एक हात द्या आणि थांबा. पावडर कोटिंग अगदी शेवटी, गाडी एकदा पूर्ण जोडून, चालवून, पुन्हा सुटी केल्यावर.

सस्पेन्शन

ईकोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बरचा एकत्र उभा खांब) असतो, सेव्हनला दुहेरी विशबोन (वर-खाली दोन त्रिकोणी हात). म्हणजे हब आणि नकल (चाक ज्यावर फिरतं आणि वळतं ते भाग) दाता गाडीचे ठेवायचे, स्ट्रटचा वरचा भाग काढून तिथे वरचा बॉल जॉइंट बसेल असा अॅडॉप्टर लेथवर बनवून घ्यायचा. हा तुकडा घरी वेल्डिंगनं जुगाडू नका. एखाद्या जाणत्या इंजिनिअरला आराखडा दाखवा, पुण्यात अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. बाहा आणि फॉर्म्युला स्पर्धांसाठी गाड्या बांधणाऱ्या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांनी हे हिशेब अलीकडेच केलेले असतात, आणि ती फार आपुलकीनं मदत करतात.

विशबोन एकसारखे यावेत म्हणून जिग (तुकडे एकाच मापात धरणारा साचा) करा आणि डावा-उजवा त्याच जिगवर जोडा. ब्रॅकेट नेहमी दुहेरी, म्हणजे बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार. बोल्ट ८.८ ग्रेडचे, नायलॉक नटासह, आणि भार बोल्टच्या गुळगुळीत भागावर यावा, आट्यांवर नाही. नाना पेठेत आणि बोहरी आळीत सगळं मिळतं, फक्त डोक्यावर ग्रेडचा शिक्का बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

एक तपासणी बहुतेक जण टाळतात. स्प्रिंग न लावता चाक वर-खाली हलवा आणि ते आपोआप आत-बाहेर वळतं का ते मोजा. वळत असेल तर टाय रॉडची (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतच्या दांड्याची) उंची किंवा लांबी चुकली आहे. अशी गाडी ट्रॅकवरच्या प्रत्येक उंचवट्यावर स्वतःच्या मनानं वळते. स्टिअरिंगचा रॅक थोडा वर-खाली करून हे आत्ता सुटतं, पत्रा चढल्यावर सुटत नाही. सुरुवातीला पुढे एक अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा किंचित आत झुकलेला), पाच अंशांच्या आसपास कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) आणि शून्य ते दोन मिमी टो-इन (चाकांची पुढची टोकं किंचित आत) धरा. पुढचं गाडी सांगेल.

मग एका दिवशी ती स्वतःच्या चार चाकांवर उभी राहते. दसऱ्याच्या आसपास हा टप्पा आला तर फार छान: खंडेनवमीला अवजारांच्या पूजेत गाडीही ठेवता येते. घरच्यांना त्या दिवशी बोलवाच. आजवर त्यांना फक्त ठिणग्या आणि आवाज दिसलेला असतो, आता धक्का दिला की सरकणारी गाडी दिसते.

मधला लांब रस्ता

आणि यानंतर येतो तो काळ, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. गाडी चाकांवर असते, पण इथून पुढे महिनोन् महिने तिच्या दिसण्यात काहीही फरक पडत नाही. क्लचची केबल, एक्झॉस्टचा आधार, गिअरचं लिंकेज. ईकोत गिअरचा दांडा गिअरबॉक्सच्या पुढे असतो, सेव्हनमध्ये तो मागे हवा, म्हणजे सगळं लिंकेज उलटं बांधायचं. एका रविवारी एक ब्रॅकेट होतो, आणि पुढच्या रविवारी कळतं की तो काढावा लागणार. विकायला निघालेल्या अर्धवट गाड्या बहुतेक याच टप्प्यावरच्या असतात.

कंटाळा आला म्हणजे आपली हौस खोटी होती असं समजू नका. हा या टप्प्याचा स्वभाव आहे. उपाय साधे आहेत. भिंतीवर यादी लावा, आणि ‘इंजिन बसवणे’ असं न लिहिता ‘डाव्या माउंटचा पुठ्ठ्याचा नमुना कापणे’ असं लिहा, म्हणजे एका संध्याकाळी काहीतरी खोडता येतं. दिवसातून पंधरा मिनिटं तरी शेडमध्ये जा, नुसतं झाडून आलात तरी चालेल. आणि एक माणूस जोडून ठेवा. मित्र, भाऊ, आत्याचा मुलगा, ज्याला ठरलेल्या वेळी यायचं आहे. तो येणार म्हणून तुम्ही जाता. एखादा महिना अगदीच नको वाटलं तर गाडी झाकून पर्वतीच्या पायऱ्या चढा, पण सुटे भाग विकायला काढू नका. तो निर्णय पावसाळ्यात तर नकोच.

इंजिन आणि ब्रेक

इंजिन चेन ब्लॉकनं उतरवताना बॉनेटखालची उंची मोजा. संप (इंजिनखालचं तेलाचं भांडं) जमिनीला लागत असेल तर तो कापून रुंद करावा लागतो, आणि आत आडव्या पट्ट्या टाकाव्या लागतात, नाहीतर जोरात वळताना तेल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतो. बसवण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) बघा. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा.

पहिल्यांदा सुरू करताना इंधन पंपाचा फ्यूज काढून फक्त स्टार्टर थोडा थोडा फिरवा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. पेट्रोलची प्रत्येक जोडणी हातानं तपासा, अग्निशामक हाताशी ठेवा, शटर उघडं ठेवा. मग फ्यूज लावा. तो आवाज ऐकून डोळ्यात पाणी येतं, अगदी न बोलणाऱ्या माणसाच्याही. आणि पुढच्या पाच मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, ‘गल्लीत एक चक्कर मारू.’ ब्रेक अजून बसवलेले नसतील तर इंजिन सुरू करण्याआधी प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा दांडा) काढून ठेवा. मनाला आवरण्यापेक्षा हा उपाय खात्रीचा.

ब्रेकमध्ये कंजुसी नाही. दोन स्वतंत्र सर्किट, नवे पाइप, नवी रबरं. ईकोचा ब्रेकचा समतोल एका उंच, भार वाहणाऱ्या व्हॅनसाठी आहे. तुमची गाडी हलकी आणि जमिनीलगत, म्हणून मागच्या सर्किटला दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह लावा. मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक झाली तर गाडी गरकन फिरते. बूस्टर (पॅडलचा जोर वाढवणारा डबा) काढणार असाल तर पॅडलचं प्रमाण पाचास एकच्या आसपास ठेवा आणि मास्टर सिलिंडरचा व्यास हिशेबानं निवडा. इथे अंदाज चालत नाही.

अंग

बाजूंना १.२ मिमी अॅल्युमिनियम पत्रा. लोखंड आणि अॅल्युमिनियम एकमेकांना थेट लागले की पाणी शिरून अॅल्युमिनियम खातं, म्हणून मध्ये सीलंटचा थर आणि मग रिव्हेट. नाक आणि मडगार्ड फायबरचे. गणपतीच्या देखाव्यांचं फायबरचं काम करणारे कारागीर यात अतिशय तरबेज असतात, मात्र जुलैपासून विसर्जनापर्यंत त्यांना वेळ नसतो. स्वतः करणार असाल तर एक गोष्ट कधीही विसरू नका: रेझिन लवकर पिकवणारं कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र करायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, नंतर वेगळ्या मापानं हार्डनर.

नाकावर मूळ कंपनीचं बोधचिन्ह लावू नका. ती गाडी तुम्ही बांधली आहे.

वायरिंगबद्दल थोडक्यात: दाता गाडीचा संच ठेवा, नको ते सर्किट चिठ्ठी बघून एकेक काढा, बॅटरीजवळ मुख्य कट-ऑफ स्विच लावा.

पहिली धाव

खासगी, सपाट, बंदिस्त जागा, मालकाची लेखी परवानगी. तिथवर गाडी फ्लॅटबेडवरच न्यायची, दोरीनं ओढून नाही. आदल्या दिवशी गाडीच्या बाजूंना सरळ दोरी ताणून चाकांचा टो (ती आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) तपासा आणि प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट टॉर्क पान्यानं आवळून नटापासून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते.

पहिला तास चालण्याच्या वेगानं, फक्त ब्रेकसाठी. थांबते का, सरळ थांबते का, पॅडल खाली जातं का. मग वीस, मग तीस. हेल्मेट आणि बेल्ट पहिल्या मीटरपासून. दर फेरीनंतर थांबून चाकांचे नट, तेल, पाणी, गळती बघा. त्या दिवशी वेग गाठायची फार इच्छा होते, आणि बघायला आलेली मंडळी ती वाढवतात. म्हणून पहिल्या धावेला फक्त एक मदतनीस न्या, बाकीच्यांना दुसऱ्या वेळी बोलवा.

ट्रॅकवर जायच्या आधी गाडीचे काही छोटे फेरे होऊ द्या, मग ती पूर्ण सुटी करा. आता पावडर कोटिंग, पण त्याआधी एक तपासणी. सुटी असतानाच, सांध्यांवरचा रंग काढून, सस्पेन्शनच्या ब्रॅकेटचे आणि रोल बारच्या पायाचे सांधे डाय पेनिट्रंटनं तपासा. लाल रंग मारून, पुसून, पांढरी पावडर फवारली की केसाएवढी भेगही लाल रेघ होऊन वर येते. भेग दिसली तर नुसती वरून भरू नका, तिथे बळ कुठून येतंय ते शोधा, तिरका पाइप किंवा पट्टी वाढवा, आणि मगच कोटिंग करून गाडी पुन्हा जोडायला घ्या.